वस्तरा घ्या, पण एसआयपी मोडू नका

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा एक वर्गमित्र हिंगणीला माझ्या घरी आला, तो थेट ‘बिझनेस आयडिया’ घेऊनच. परदेशात जुने वस्तरे हजारोंना विकले जातात, असं त्याने एका रीलमध्ये पाहिलं होतं. आपल्याकडे खेड्यापाड्यातल्या म्हाताऱ्या न्हाव्यांकडे ते धूळ खात पडलेत. शे-दोनशेत उचलायचे, चार-पाच वर्षं ठेवायचे आणि विकायचे. सोन्यापेक्षा भारी गुंतवणूक! तुमच्याही ग्रुपवर असं काहीतरी फिरत असेलच. कधी जुनी नाणी, कधी फाउंटन पेन, कधी बूट. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

छंद म्हणून वस्तरा झकास आहे, यात वादच नाही. इंग्लंडचं शेफील्ड आणि जर्मनीचं सोलिंगेन ही या धंद्यातली दोन मोठी गावं. एकोणिसाव्या शतकात सोलिंगेनचा माल शेफील्डच्या नावाने खपवला जातो, अशी ओरड इंग्रज कारागिरांनी केली. त्यातूनच १८८७ च्या ब्रिटिश कायद्याने परक्या मालावर देशाचं नाव टाकायला लावलं. म्हणजे ‘मेड इन जर्मनी’ हा शिक्का मुळात बदनामीसाठी होता! आज त्याच शिक्क्याला भाव आहे, आणि सोलिंगेन हे नाव १९३८ पासून जर्मनीत कायद्याने राखलेलं आहे. पात्याच्या मुळाशी कोरलेली ती बारीक अक्षरं भिंगाखाली वाचताना मजा येते, ती वेगळीच.

पण मजा आणि परतावा यांत गल्लत करू नका. सोन्याचा भाव रोज पेपरात येतो, म्युच्युअल फंडाची एनएव्ही मोबाइलवर दिसते. वस्तऱ्याचा भाव कुठे दिसतो? ऑनलाइन जो आकडा दिसतो तो मागणाऱ्याचा. तो देणारा भेटला का, हे कुणी सांगत नाही. समजा, दोन हजारांचा वस्तरा पाच वर्षांनी तीन हजारांना गेला. ऐकायला दीडपट, पण वर्षाला साडेआठ टक्केही पडत नाहीत. त्यातून वेबसाइटचं कमिशन आणि कुरिअर वजा करा.

शिवाय हे पोलाद आहे. आपल्याकडचा एक पावसाळा ट्रंकेत काढला की गंज धरतो, आणि गंजाचा खड्डा धारेपर्यंत पोचला की वस्तरा संपलाच. दगडावर लावाल तितकं पातं झिजतं. चमकवायला मशीनवर दिलं तर उष्णतेने पाणी उतरतं आणि शिक्काही पुसतो. सांभाळायचं कसब नसेल तर तुमची ‘गुंतवणूक’ दरवर्षी थोडी थोडी कमी होत असते.

कायद्याचंही ऐका. जुन्या भारी वस्तऱ्यांच्या मुठी कधी कधी हस्तिदंताच्या असतात. बोर अभयारण्याच्या दारात राहणाऱ्या आम्हा हिंगणीकरांना वनखातं काय असतं ते वेगळं सांगायला नको. हस्तिदंताची खरेदी-विक्री आपल्याकडे गुन्हा आहे. आणि शंभर वर्षांपुढची चीज ‘पुरावस्तू’ ठरली, तर १९७२ च्या कायद्याप्रमाणे ती तुम्हाला-मला परदेशी पाठवता येत नाही. म्हणजे रीलमधलं ते परदेशी गिऱ्हाईक गेलंच.

हां, इतिहास चिकटलेल्या वस्तूची गोष्ट वेगळी. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असं ठरवलं. त्यांतल्या कुणाचा वस्तरा पुराव्यासह सापडला तर तो संग्रहालयातच शोभेल. पण पुरावा कोण जपतो? आपण तर बिलही जपत नाही.

मग या धंद्यात पैसे कोण कमावतं? मला वाटतं, ज्याला भाव माहीत आहे तो, ज्याला माहीत नाही त्याच्याकडून. वस्तऱ्याची किंमत वाढत नाही. म्हाताऱ्याला ती ठाऊक नसते, तोच नफा. याला गुंतवणूक म्हणायची माझी तयारी नाही.

मित्राला हे पटेना. म्हणून आम्ही गावातल्या एका काकांकडे गेलो. वय सत्तरीपुढे. एचआयव्हीच्या भीतीनंतर सगळीकडे ब्लेड बदलायचे वस्तरे आले, तेव्हापासून त्यांचा जुना वस्तरा धोकटीतच होता. सोलिंगेनचाच निघाला. पातं तेल लावून ठेवलेलं, मूठ मात्र तडकलेली. मित्राने डोळे बारीक करून दीडशे सांगितले.

काकांनी विचारलं, “याले धार लावता येते का रे बाबू तुले?”

“नाही.”

“मंग घेऊन का करतं? माह्या बापानं याच्यावर अख्खं घर चालवलं.”

मी मध्येच बोललो. म्हटलं, काका, असे वस्तरे ऑनलाइन दीड-दोन हजारांना लावलेले दिसतात. मित्राने माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नका.

काकांनी वस्तरा उजेडात धरून एकदा उलटा-सुलटा केला. “असं का? मंग हजार दे.”

मित्राच्या खिशात तीनशे होते. वस्तरा परत धोकटीत गेला.