मत्स्यपेटींतील नवा पाहुणा

पाणचक्कीच्या हौदांतील मासे पाहून आलेलीं मुलें घरीं मत्स्यपेटीचा हट्ट धरतात, आणि आमच्या छत्रपती संभाजीनगरांत तो पुष्कळदां पुरविलाही जातो. हट्टाशीं आमचें भांडण नाहीं. परंतु त्या हौदाची मूळ योजना नहरीच्या वाहत्या पाण्याची. दिवाणखान्यांतील पेटींत तेंच पाणी कोंडलेलें असतें, हा भेद घरांतील वडील माणसांनीं ध्यानांत घ्यावा.

माशांच्या मलमूत्रांतून व उरलेल्या अन्नांतून अमोनिया उत्पन्न होतो. त्याचें आधीं नायट्राइट व मग बरेंच सौम्य असें नायट्रेट करणारे सूक्ष्म जंतु नव्या पेटींत स्थिरावण्यास सुमारें ४ ते ६ आठवडे लागतात. आणि त्यांची वस्तीही जितकें अन्न तितकीच. सणाच्या दिवशीं काका दोन, आत्या चार, असे मासे एकदम आणून सोडतात तेव्हां ही वस्ती अपुरी पडते, व चार-आठ दिवसांत मुलांनीं नांवें ठेवलेले जुने मासेही मरून तरंगूं लागतात. मुलें जेवत नाहींत; घरांत म्हणतात, दृष्ट लागली. दृष्ट कसली? पाणी विषारी झालें! एका वेळीं एक-दोनच मासे आणावे.

तेही प्रथम २ ते ४ आठवडे निराळ्या पेटींत ठेवावे. २०२० सालीं आपण सर्वांनींच विलगवास भोगला आहे, त्याचें मर्म निराळें सांगावयास नको. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उमटले, तर तो रोग साऱ्या पेटीस ग्रासतो.

मासा सोडतांना बंद पिशवी पाण्यावर १५-२० मिनिटें तरंगत ठेवावी. मग थोडथोडें पेटींतील पाणी तींत घालावें, आणि शेवटीं मासा तेवढा जाळीनें उचलून घ्यावा. दुकानचें पाणी मोरींत. जायकवाडीहून आलेल्या नळाच्या पाण्यांत क्लोरीन असतो; तें २४ तास उघडें ठेवून मगच वापरावें.

सोबतही पाहावी. 'मात्स्यन्याय' हा शब्द आपल्या अर्थशास्त्रकारांनीं उगीच योजिला नाहीं. सयामचे दोन लढाऊ नर एकत्र ठेवल्यास परस्परांस फाडतात. (शाकाहारी घरांतील आजींनीं, माशांचें तयार खाद्य बहुधा माशांच्याच भुकटीचें असतें, तिकडे काणाडोळा करावा.)

कंटाळा आला म्हणून मासे नाथसागरांत किंवा सलीम अली सरोवरांत सोडण्याचें पुण्य मात्र कोणीं जोडूं नये. दक्षिण अमेरिकेंतील सकर मासा अशाच सुटकेनें देशांतील अनेक जलाशयांत माजला आहे. नकोसे मासे दुकानदारास परत द्यावे, किंवा ज्याच्याकडे पेटी आहे अशा शेजाऱ्यास.