प्रयोगवहीतील ९.८

गुरुत्वीय त्वरणाचे मूल्य ९.८ आहे, हे पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला प्रयोगापूर्वीच ठाऊक असते. त्यामुळे प्रयोगवहीत उत्तर आधी ठरते आणि निरीक्षणे मागाहून जुळवली जातात. अनेक ठिकाणी लंबक न हलताच वही पूर्ण होते, तिच्यावर सही होते आणि गुणही पडतात. हा केवळ आळस म्हणून सोडून देण्याजोगा प्रकार नव्हे. वरून आलेला आकडा खरा आणि आपल्या डोळ्यांना दिसलेला खोटा, असा संस्कार विज्ञानाच्या पहिल्याच पायरीवर होत असेल, तर लोकशाहीला त्याची चिंता वाटावयास हवी.

वस्तुतः यामिकीच्या आरंभीच्या प्रयोगाला लागते तरी काय? मीटरभर दोरा, एक दगड आणि एक घड्याळ. अशा लंबकाच्या २० आंदोलनांना सुमारे ४० सेकंद लागतात. लांबी चतुर्थांश केली की काळ निम्मा होतो. दगड जड बांधला तरी काळ बदलत नाही. मोजताना ४० च्या जागी ४१ सेकंद आले, तर उत्तर ९.४ येते. ते तसेच लिहावे आणि चूक कोठे झाली याचा शोध घ्यावा, हेच खरे शिक्षण. गॅलिलिओजवळ सेकंद दाखवणारे घड्याळही नव्हते. उतरणीवरून गोळा सोडून, भांड्यातून वाहिलेले पाणी तोलून त्याने काळ मोजला.

शिक्षकाने मेजावर प्रयोग करून दाखवला की काम भागले, असाही एक समज आहे. हार्वर्ड विद्यापीठातील एरिक माझुर व त्यांचे सहकारी यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास तो खोडून काढतो. प्रयोग नुसता पाहणाऱ्यांची समज न पाहणाऱ्यांपेक्षा फारशी वाढत नाही. काय घडेल ते आधी सांगावयास लावले, तर मात्र वाढते. अमेरिकेतच रिचर्ड हेक यांनी १९९८ साली यामिकीच्या ६२ अभ्यासक्रमांतील सहा हजारांवर विद्यार्थ्यांच्या चाचण्या तपासल्या. जेवढी प्रगती शक्य होती, तिच्यापैकी व्याख्यानांच्या वर्गांत सरासरी २३ टक्केच साधली. कृती व चर्चेच्या वर्गांत ४८ टक्के.

आपल्या गरीब देशाला हे परवडेल काय, असे विचारले जाईल. याचे उत्तर मध्य प्रदेशाने दिले आहे. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १६ शासकीय उच्च प्राथमिक शाळांत प्रयोगाधारित विज्ञानशिक्षण सुरू केले. १९७८ साली ते जिल्हाभर पसरले. साहित्य स्वस्त होते, परीक्षेत पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा होती आणि प्रात्यक्षिकालाही गुण होते. तीस वर्षे खेड्यांतील मुलांनी हे करून दाखवले. २००२ साली राज्य शासनाने तो कार्यक्रम बंद केला. तेव्हा उणीव दोऱ्या-दगडांची नाही, इच्छेची आहे.

महाराष्ट्रात बारावीच्या पदार्थविज्ञानात प्रात्यक्षिकाला ३० गुण आहेत. परंतु अभियांत्रिकी व वैद्यकीय प्रवेशाचे दार उघडणाऱ्या सीईटी, जेईई आणि नीट या परीक्षांत प्रत्यक्ष प्रयोग करून दाखवावा लागत नाही. ज्याला मोल नाही, त्यावर कोणी वेळ खर्चत नाही, हा साधा आर्थिक व्यवहार होय. ज्यांच्यापाशी पैसा आहे, ते शिकवणीवर्गाकडे जातात. ज्यांच्यापाशी नाही, त्यांच्या वाट्याला कुलूपबंद प्रयोगशाळा येते. लहान तुकड्या करावयाच्या तर शिक्षक अधिक लागतील. तासिकेवर राबवलेल्या शिक्षकाकडून ती अपेक्षा अन्यायाची आहे. म्हणून शिक्षकांची व प्रयोगशाळा सहाय्यकांची पदे कायमस्वरूपी भरावीत, आणि परीक्षेत उत्तर ठाऊक नसलेला प्रयोग द्यावा. प्रामाणिकपणे लिहिलेल्या ९.४ ला, नकललेल्या ९.८ पेक्षा अधिक गुण मिळालेच पाहिजेत. ही मागणी पालकांनी आणि शिक्षक संघटनांनी एकत्र येऊन करावयाची आहे.