वाड्यात प्रभाचा वाटा किती?

महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ हे नाटक विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली १९८५ साली प्रथम रंगभूमीवर आले. त्याला आता चाळीस वर्षे उलटून गेली. मधल्या काळात ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ ही त्याची पुढची दोन नाटके आली, १९९४ साली चंद्रकांत कुलकर्णी यांनी तिन्ही नाटके एका दिवसात सलग सादर करण्याचे साहस केले, आणि २०१४ साली त्यांनीच ‘वाडा’ नव्या संचात पुन्हा उभा केला. पुण्या-मुंबईच्या रसिकांना या साऱ्याचा लाभ झाला. वाशीमसारख्या ठिकाणी व्यावसायिक नाटक वर्षातून एखादे आले तरी पुष्कळ. आमच्याकडे नाटक हे पाहण्याचे कमी आणि वाचण्याचेच वाङ्मय अधिक आहे.

तसे ते गेल्या पावसाळ्यात आम्ही वाचले. आठ-दहा कुटुंबे, एकाची मोठी ओसरी, आणि चार रविवार. ना मंडळाला नाव, ना अध्यक्ष. धरणगावचे देशपांडे हे आपल्याच वऱ्हाडातले, भाषाही ओळखीची. तेव्हा वाचन सुखाने पार पडेल अशी आमची समजूत होती. ती पहिल्याच रविवारी खोटी ठरली.

कथा बहुतेकांना ठाऊक आहे. तात्याजी वारले आहेत. मुंबईचा सुधीर पत्नीसह गावी आला आहे. थोरला भास्कर घराण्याचा मान राखण्यासाठी दिवसकार्य थाटात करू पाहतो, आणि घरात तर पैसा नाही. अंगणात ट्रॅक्टर गंजत पडला आहे. धाकटा चंदू गड्यासारखा राबतो. बहीण प्रभा अविवाहित आहे. तिला शिकायचे होते, वडिलांनी शिकू दिले नाही. अंथरुणाला खिळलेली दादी आपल्या व्यंकटेशची वाट पाहते, तो गेला हे तिला उमगतच नाही. आणि भास्करची मुलगी रंजू घरातले सोने घेऊन इंग्रजीच्या मास्तराबरोबर पळून जाते.

आमच्यातले एक निवृत्त मुख्याध्यापक दुसऱ्या रविवारी पुस्तक मिटूनच बसले. त्यांचे म्हणणे असे की, मराठी नाटककारांना वाडा दाखवायचा तर तो पडकाच का दिसतो? एकत्र कुटुंबाने शेकडो वर्षे विधवा सांभाळल्या, पोरकी मुले वाढविली, वारावर जेवणाऱ्या विद्यार्थ्यांना घास दिला. ते कोणी लिहीत नाही. नाटक चांगले असेल, पण ते आपल्या कुटुंबसंस्थेची बदनामी करते, असा त्यांचा स्पष्ट अभिप्राय होता. या साप्ताहिकाच्या अनेक वाचकांनाही तसेच वाटत असेल, याची मला कल्पना आहे. त्यांच्या बोलण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. वारावर जेवून शिकलेली पिढी मी माझ्या घरात पाहिली आहे.

पण त्यांना उत्तर मिळाले ते अनपेक्षित ठिकाणाहून. रिसोड तालुक्यातले एक सोयाबीन उत्पादक शेतकरी आमच्यात होते, जातीने कुणबी. ते शांतपणे म्हणाले, “गुरुजी, हे काही बामनाच्याच घरचं नाही. आमच्या घरी येऊन पाहा बाप्पा. ट्रॅक्टर आमच्याही दारात उभा आहे, अन् बाबाच्या तेरवीचं कर्ज अजून फिटलं नाही.” सगळे हसले, तेही हसले, मग बराच वेळ कोणी काही बोलले नाही. ज्या नाटकाला आम्ही एका जातीच्या वाड्याचे नाटक समजत होतो, ते चाळीस वर्षांत साऱ्या गावाचे होऊन बसले आहे. एक मुलगा पुण्यात संगणकाच्या कंपनीत, एक मुलगा शेतावर, आई-वडील मध्ये कुठेतरी. मानोऱ्यापासून मालेगावपर्यंत हेच चित्र आता कोणत्याही आळीत दिसते. कारंज्याच्या जुन्या हवेल्यांकडे पाहून हळहळणाऱ्यांनी हे ध्यानात घेतलेले बरे. पडझड आता विटामातीच्या साध्या घरातही पोहोचली आहे.

पुण्याहून सुटीवर आलेल्या एका तरुण अभियंत्याचा प्रश्नच निराळा. वाडा विकून का टाकत नाहीत? सुधीर व्यवहारी माणूस आहे, त्याच्यावर लेखकाने अन्याय केला आहे, असे त्याचे मत. त्याच्या आईने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर एलकुंचवारांनी पाहिली असती तर आणखी एक प्रवेश लिहिला असता.

आमचे पुरोगामी समीक्षक या नाटकाचे वाचन ‘सरंजामशाहीचा अंत’ या दोन शब्दांत उरकतात. मला ते आळसाचे वाटते. सरंजामशाही संपल्याचा आनंद या नाटकात कुठेच नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याला जन्मलेल्या लेखकाने आपल्याच मातीतली माणसे लिहिली आहेत. तो त्यांना हसत नाही, त्यांची वकिलीही करीत नाही. उलट बाजूने, आपल्यातल्या काहींना कुटुंबाविषयीचे नाटक म्हटले की ‘नटसम्राट’च आठवते. १९७० सालापासून मराठी माणूस गणपतराव बेलवलकरांसाठी रडतो आहे. त्यात रडणे सोपे आहे, कारण दोष मुलांचा. सर्वस्व मुलांना देऊन टाकणाऱ्या आई-बापांसाठी पुढे २००७ साली कायदाही झाला. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, त्याच्या २३व्या कलमाने परत मिळू शकते. ‘वाड्या’त मात्र दोष गेलेल्या बापाकडेही जातो, आणि तेथे आपली जीभ अडखळते.

आमची अडखळली ती प्रभापाशी. पुरुषांनी तिच्यावर फारसे भाष्य केले नाही. वहिनी रात्री अंगावर घराण्याचे दागिने चढविते, तो प्रवेश वाचून झाला तेव्हा एक-दोघे ‘बायकांचा सोन्याचा सोस’ असे काही पुटपुटले. माजघराच्या दाराशी बसलेल्या स्त्रिया गप्प होत्या. त्यांतल्या एकीने पुढच्या रविवारी मला बाजूला घेऊन सांगितले, “भाऊ, तो सोस नाही हो. इतकी वर्षे घर सांभाळले, त्याचे काही अंगावर आहे की नाही, एवढेच ती पाहते आहे.” चर्चा करणाऱ्या आम्हा कोणालाही हे सुचले नव्हते.

कुटुंब प्रबोधनाची आपण पुष्कळ चर्चा करतो. संघाच्या शताब्दीनिमित्त जे पंचपरिवर्तन समोर ठेवले गेले, त्यात कुटुंब प्रबोधन आहेच. आठवड्यातून एकदा सर्वांनी एकत्र जेवावे, बोलावे, ही सूचना साधी पण मोलाची आहे. प्रश्न असा की बोलावे कशाविषयी? धरणगावच्या घरातही माणसे एकत्र जेवत होतीच. तात्याजींच्या पश्चात कोणाचे काय, हे मात्र ते हयात असेपर्यंत कोणी विचारले नाही. विचारणे हाच अधर्म वाटत होता.

येथे थोडा कोरडा हिशेब करतो, वाचकांनी क्षमा करावी. नाटकाच्या काळी १९५६चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू होता. मिळकत वडिलोपार्जित धरली, तर वडिलांच्या मृत्यूच्या क्षणी वाटणी झाली असे मानून आधी वडील, आई आणि तीन मुलगे असे पाच हिस्से पडतात. मग वडिलांचा एक हिस्सा दादी, आई, तीन मुलगे आणि प्रभा अशा सहा जणांत जातो. म्हणजे प्रभाला सगळ्याचा तिसावा भाग, आणि भास्करला तिसांपैकी सात. शिवाय त्या वेळच्या २३व्या कलमाप्रमाणे राहत्या घराची वाटणी मागण्याचा अधिकार मुलीला नव्हता. अविवाहित मुलीला फक्त तेथे राहता येई. वाड्याचे दार प्रभासाठी आत राहण्यापुरते उघडे होते.

महाराष्ट्राने २२ जून १९९४पासून अविवाहित मुलींना जन्मतः सहदायादाचा हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५पासून तो देशभरातल्या सर्व मुलींना, विवाहितांनाही मिळाला आणि ते जुने २३वे कलमही गेले. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात उरलासुरला संशय दूर केला. आजचा कायदा धरला तर प्रभाला छत्तीसांपैकी सात हिस्से मिळतात, भावांइतकेच. हिंदू कोड बिलाला ज्यांनी कडाडून विरोध केला, त्यांत हिंदुत्वनिष्ठ मंडळीही होती, हे लपविण्याचे कारण नाही. मुलींना वाटा दिल्याने कुटुंब मोडेल असे तेव्हा प्रामाणिकपणे वाटत होते. कुटुंबे मोडलीही, पण ती मुलींनी वाटे मागितले म्हणून नव्हे. मुली मागतच नाहीत. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेर एखादा दिवस उभे राहून पाहावे. हक्कसोडपत्रावर सही करायला माहेरी आलेल्या बहिणी भावाच्या मोटारसायकलवर मागे बसून येतात आणि परत जाताना त्यांच्या पिशवीत एक साडी असते. त्याला आपण प्रेम म्हणतो. पुष्कळदा ते प्रेम असतेही. पण सही करण्याआधी तिला तिच्या वाट्याचा आकडा कोणी सांगितलेला असतो का?

मी सांगितला नव्हता. आमचे वडील २००६ साली गेले. आई, मी आणि आक्का, तिघेच. आक्काचे लग्न खूप आधी झालेले. तिने हक्कसोडपत्रावर सही केली तेव्हा लेखणी मीच तिच्या हातात दिली होती. मजकूर तिने वाचला नाही, मी वाचून दाखविला नाही. नवा कायदा येऊन वर्षही झाले नव्हते आणि मी पत्रकार असल्याने तो मला पाठ होता.

नाटकाच्या शेवटच्या रविवारी आक्का योगायोगाने वाशीमला होती. ती मागे बसून ऐकत होती, काही बोलली नाही. रात्री जेवताना तिने विचारले, “काय रे, त्या प्रभाचा वाटा किती झाला असता?” मी तिसाचा आणि छत्तीसाचा हिशेब तिला सांगितला. तिने तो नीट ऐकून घेतला, एकदा पुन्हा सांगायला लावला. मग म्हणाली, “तिच्याकडे कोणी सही तरी मागितली का?”

तिला तिच्या वाट्याचा आकडा मी अजून सांगितलेला नाही. तो काढायला कागदही लागत नाही. बारा एकरांत चार.