सल्ला दिला की उत्तर मागायचे असते



दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या येऊ लागतात, बॉयलर पेटतो, गव्हाणीत मोळी पडते आणि मग आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एकच प्रश्न असतो, माझ्या उसाची तोड कधी येणार? त्यात वावगे काही नाही. वर्ष-दीड वर्ष पोटच्या पोरासारखा सांभाळलेला ऊस वेळेवर गेला नाही तर तुरा येतो, वजन घटते आणि खोडव्याचे गणित बिघडते. पण ही तोड जे हात करतात त्यांतले निम्मे हात बायांचे आहेत. त्यांच्याविषयी आयोगांनी आणि समित्यांनी पुष्कळ सांगून ठेवले आहे. त्याला आपण सभासदांनी उत्तर काय दिले, एवढाच आजचा विषय आहे.

महिला आयोग म्हटला की पुष्कळांना वाटते, नवरा-बायकोची भांडणे मिटवायचे ते ऑफिस. तेवढेच त्याचे काम नाही. राष्ट्रीय महिला आयोगाचा कायदा १९९० साली झाला आणि आयोग जानेवारी १९९२ मध्ये उभा राहिला. महाराष्ट्राने १९९३ साली आपला स्वतंत्र राज्य आयोग नेमला आणि १९९४ साली महिला धोरण आणले. देशात असे धोरण आणणारे पहिले राज्य आपलेच. चौकशीच्या वेळी माणसाला बोलावून घ्यायचे, कागदपत्रे मागवायची, यापुरते आयोगाला दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत. पण आयोग शिक्षा देऊ शकत नाही, कुणाची उचल माफ करू शकत नाही, की फडावर पाण्याची टाकी नेऊन बसवू शकत नाही. तपास करायचा आणि सरकारला शिफारस करायची, इथे त्याचे काम संपते.

यावर पारावर बसलेला माणूस लगेच म्हणतो, "नुसता सल्लाच ना? मग त्याला कोण विचारतंय?" त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. आपल्या राज्य आयोगाचे अध्यक्षपद २०२० च्या फेब्रुवारीपासून २०२१ च्या ऑक्टोबरपर्यंत रिकामे होते. करोनाच्या त्या काळात घराघरांत बायकांचे हाल चालले होते आणि त्या खुर्चीवर कोणी नव्हते. सल्ला देणाऱ्याचीच जागा भरायची सरकारला घाई नसेल, तर सल्ल्याची काय कथा?

तरीपण राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यात एक कलम फार शहाणपणाचे आहे. आयोगाचा अहवाल आला की सरकारने तो संसदेपुढे ठेवायचा. सोबत एक निवेदन जोडायचे आणि त्यात कोणत्या शिफारशीवर काय केले, कोणती शिफारस स्वीकारली नाही आणि का नाही, हे लिहायचे. म्हणजे सल्ला नाकारायची मोकळीक आहे, पण गप्प बसायची नाही. हे कलम ध्यानात ठेवा, पुढे ते कामाला येणार आहे.

आता गोदावरीच्या पलीकडे पाहू. अंबड-घनसावंगीकडून नदी ओलांडली की गेवराई-माजलगाव, म्हणजे बीड जिल्हा. २०१९ साली तिथल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या देशभर गाजल्या. राष्ट्रीय महिला आयोगाने राज्य सरकारला नोटीस धाडली. जून महिन्यात विधान परिषदेत प्रश्न आला, तेव्हा आरोग्यमंत्र्यांनी सांगितले की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ९९ खासगी दवाखान्यांत ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीच्या कामात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. हिशोब केला तर दर सहा बायांमागे एक. देशाच्या २०१५-१६ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांत हे प्रमाण तीनच्या आसपास होते. दोन्ही पाहण्यांतली वये तंतोतंत जुळणार नाहीत, हे मान्य. पण सहात एक आणि शंभरात तीन, हा फरक वयाच्या हिशोबाने भरून निघण्यासारखा नाही.

हे का होते, ते आपल्याला बाहेरच्या माणसाने सांगायला नको. डोकी सेंटरची बाई दिवस उगवायच्या आधी फडात उतरते. तोडायचे, साळायचे, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचे. कोपीवर परत आली की चूल, पोरं आणि हंडा. फडात आडोसा नाही, अंघोळीला पाणी नाही, पाळीच्या दिवसांत कपडा धुवायची सोय नाही. त्यातून दुखणी सुरू होतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि उचल जोडीवर घेतलेली असते. बाई आजारी पडून बसली की खाडा पडतो आणि पैसे उचलीतून कापले जातात. अशा वेळी कोणी डॉक्टर म्हणाला की पिशवी काढून टाका, कॅन्सरची भीती आहे, तर तिला आणि घरच्यांना तो सुटकेचा रस्ता वाटतो. ऑपरेशनला कर्ज काढायचे, ते फेडायला पुन्हा उचल घ्यायची आणि महिना-दीड महिन्यात पुन्हा मोळी डोक्यावर. तिशीतल्या बाईची पिशवी गेली की कंबर, हाडे, झोप, सगळेच हळूहळू जाते. ती दुखणी जन्माची.

समितीने सांगितलेल्या गोष्टींत अवघड काय होते? ऊसतोड कामगारांची नोंदणी करा, गावाहून निघताना आणि परत आल्यावर बायांची तपासणी करा, तळावर पाणी-संडासाची सोय कारखान्यांनी करावी. यातले काही झाले. पिशवी काढण्याआधी खासगी दवाखान्याने जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असा नियम बीडमध्ये आला. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झाले आणि टनामागे १० रुपये कारखान्याने व तेवढेच सरकारने द्यायचे ठरले. म्हणजे सरकारच्या अखत्यारीत जे होते त्यातले काही हलले. कारखान्यांच्या अखत्यारीतले मात्र बहुतेक जागच्या जागी राहिले. २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाला या कामगारांच्या हालांची आपणहून दखल घ्यावी लागली, यातच सगळे आले.

आपल्या जालना जिल्ह्याला तर दोन्ही टोके आहेत. जायकवाडीच्या डाव्या कालव्याखाली आपण ऊस पिकवतो आणि टोळ्या बोलावतो. आणि याच जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावांतून, तांड्यांतून लोक कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. आपल्या फडातल्या बाईला आपण जसे वागवू, तसेच आपल्या जिल्ह्याच्या लेकीला तिकडचा बागायतदार वागवणार.

आता जरा जालन्याच्या एमआयडीसीकडे बघा. लोखंडाच्या रोलिंग मिल आणि बियाण्यांच्या कंपन्या यांच्यामुळे जालन्याचे नाव देशात झाले. बियाणे निवडायला, पाकिटे भरायला तिथे बाया कामाला जातात. तिथे सगळे आलबेल आहे असे मी म्हणत नाही. पण कारखान्याला गेट असते, हजेरीपुस्तक असते आणि त्यात बाईचे स्वतःचे नाव असते. १९४८ च्या कारखाना कायद्यानेच संडास-मोरी सक्तीची केली होती आणि ३० पेक्षा जास्त बाया असतील तर पाळणाघर ठेवा असे लिहिले होते. आपला साखर कारखाना हासुद्धा कारखानाच. मिलमध्ये, गोडाऊनमध्ये, ऑफिसात तेच नियम. मग जी बाई कारखान्याचा कच्चा माल तोडून आणते, तिचे नाव आपल्या कोणत्या रजिस्टरात आहे? करार वाहतूकदाराशी, उचल मुकादमाला, मुकादमाचा व्यवहार नवऱ्याशी. बाई कुठेच नाही.

कायदा मात्र तिला ओळखतो. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ साली कायदा झाला. त्यात कर्मचारी म्हणजे कोण, हे सांगताना ठेकेदारामार्फत लावलेली बाईही धरली आहे, मूळ मालकाला तिची माहिती असो वा नसो. दहा किंवा त्याहून जास्त माणसे असलेल्या जागी अंतर्गत समिती हवी. जिथे ती नाही, किंवा तक्रार मालकाविरुद्धच आहे, तिथल्या बाईसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते आणि तक्रार घ्यायला प्रत्येक तालुक्यात एक अधिकारी नेमायचा असतो. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची, चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. पण मुलुख सोडून आलेल्या बाईला ही समिती कुठे बसते ते कोण सांगणार? आपल्या गटातल्या किती सभासदांना ते ठाऊक आहे?

सभासदांच्या मनात काय आहे, तेही बोलले पाहिजे. पहिली गोष्ट, तोडणी-वाहतूक आपल्या एफआरपीतूनच कापली जाते. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, टनाला साधारण २७३ चा ३६६ झाला. त्यावर हा आणखी बोजा कशाला? दुसरी गोष्ट, उचल घेऊन पळालेले मुकादम. आणि तिसरी, तोड आल्यावर एकरी पैसे मागतात, ड्रायव्हरला एन्ट्री द्यावी लागते. "आमची पिळवणूक कोणी बघत नाही," असे सभासद म्हणतो, आणि त्यात तथ्य आहे.

पण विचार करा. एन्ट्रीचे पैसे त्या बाईच्या हातात पडतात काय? बुडवलेली उचल तिने खाल्ली काय? दर वाढला तरी जोडीने दिवसभर राबून दोन टन तोडला तर सातशे-सव्वासातशे रुपये होतात, तेही आधीच्या उचलीत वळते. उलट बाईचे नाव करारात आले आणि तिचा हिस्सा तिच्या बँक खात्यात गेला, तर कोण आले, कोण गेले, किती दिवस काम झाले, हे कारखान्याच्या वहीत दिसेल. मुकादमाच्या लबाडीला आळा बसेल, तो आपल्याही फायद्याचा.

खर्चाचे म्हणाल तर साधा हिशोब मांडू. समजा कारखाना हंगामात ४ लाख टन गाळतो. टनामागे २ रुपये काढले तर ८ लाख झाले. एकरी ४० टन ऊस घालणाऱ्या सभासदाला एकराला ८० रुपये पडले. कोणी म्हणेल, महामंडळाचे १० रुपये जातातच की. जाऊ द्या, पण किती भरले आणि त्यातून आपल्या तळावर काय आले, हा हिशोब संचालक मंडळाने या पत्रिकेत छापावा. रोजचे पाणी आणि आडोसा महामंडळ आणून देणार नाही, ते कारखान्यालाच करावे लागेल. आणि यंत्राने तोड झाली की हा प्रश्नच मिटेल, असे म्हणणाऱ्यांनी आपले लहान-लहान तुकडे आणि पाण्याने चिबाडलेली रानं बघावीत. पुढची कित्येक वर्षे कोयता लागणारच आहे.

म्हणून माझी सूचना अशी. सहकार कायद्याने संचालक मंडळावर महिलांसाठी दोन जागा राखीव आहेत. त्या दोघी केवळ हळदी-कुंकवाच्या कार्यक्रमापुरत्या राहू नयेत. त्यांच्या पुढाकाराने कारखान्याची एक महिला सल्लागार समिती नेमावी. तीत एक आशाताई, एक वकील बाई आणि टोळ्यांतल्या निदान दोन तोडणी करणाऱ्या बाया असाव्यात. समितीने हंगामात दर महिन्याला तळ आणि फड पाहावेत, बायांशी मुकादमाच्या माघारी बोलावे आणि मंडळाला लेखी सल्ला द्यावा. पहिले विषय तयारच आहेत: करारात बाईचे नाव, तळावर पाणी व संडास, बाळंतीण आणि आजारी बाईला खाडा नाही, हंगामात दोनदा तपासणी आणि स्थानिक समितीचा पत्ता व फोन प्रत्येक तळावर मोठ्या अक्षरांत.

आणि आता ते मघाचे कलम. समितीचा सल्ला मंडळाला पटला नाही तर त्याने तो नाकारावा, तो अधिकार मंडळाचाच. पण एका महिन्यात लेखी कारण द्यावे, ते या पत्रिकेत छापावे आणि वार्षिक सभेत अहवालासोबत वाचून दाखवावे. संसदेला जो नियम चालतो, तो आपल्या सभेला जड का जावा? एवढे झाले तर समितीला वेगळे अधिकार नसले तरी चालेल. कारण "पाण्याची टाकी दिली नाही, कारण..." हे वाक्य पाचशे सभासदांपुढे उभे राहून वाचणे सोपे नसते. पुष्कळदा तेवढ्यानेच टाकी येते.

वार्षिक सभा सप्टेंबरच्या आत होते, टोळ्या त्यानंतर येतात. म्हणजे वेळ आहे. आपण दरवर्षी सभेत उसाचा भाव विचारतो, साखरेचा उतारा विचारतो, सवलतीची साखर किती ते विचारतो. यंदा हा विषयही विचारावा. ज्यांना पटत असेल त्या सभासदांनी विषयपत्रिकेत तो घ्यावा म्हणून आपापल्या गटातून मुदतीत लेखी अर्ज द्यावेत, ही नम्र विनंती.

— एक ऊस उत्पादक सभासद