कूड बांधणाराही कारागीरच

मी तलासरीत घरकुलांची कामं घेतो. विटा, सिमेंट, सळई यांवरच माझं पोट चालतं. तरीही सांगतो, कूड, म्हणजे काठ्यांची शेणमातीनं लिंपलेली भिंत, बांधणाऱ्याला आपण बिगारी समजतो, हा आपला करंटेपणा आहे.

जपानी सुतारांकडे बघा. १९५३ साली नागोयात बांधलेलं ‘शोफूसो’ हे पारंपरिक घर सुटं करून न्यूयॉर्कला नेलं, पुढे १९५८मध्ये फिलाडेल्फियाच्या बागेत उभारलं. १९७६ साली डागडुजीची वेळ आली, तेव्हा कारागीर जपानहूनच बोलावले. अमेरिकेतल्या सुतारांना ते काम कदाचित जमलंही असतं, पण हात ज्याचा, मान त्याचा.

आपल्याकडे काय? गंजाडच्या जिव्या सोमा म्हसेंना २०११मध्ये पद्मश्री मिळाली, वारली चित्रं जगभर गेली. ती मुळात ज्या भिंतीवर निघत, ती भिंत उभी करणाऱ्याचं नाव कुणी विचारलं नाही.

त्या भिंतीत अक्कल आहे. छपराचा सगळा भार लाकडी मेढींवर. मधे कारवीच्या काठ्या उभ्या लावायच्या, बांबूच्या कामट्यांनी आवळायच्या, वर शेणमाती लिंपायची. नोव्हेंबर २०१८पासून आमच्या भागातल्या धुंदलवाडी परिसराला भूकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हा विटांच्या भिंतींना तडे गेले आणि लोक भर थंडीत बाहेर झोपले. कूड हलका, हादऱ्याबरोबर डुलणारा. पडलाच तरी त्याखाली माणूस चिरडत नाही.

सगळ्यांनी कुडात राहावं, असं मी म्हणत नाही. वाळवी लागते, दरवर्षी लिंपावं लागतं, मेढींच्या सागासाठी वनखात्याचे उंबरठे झिजवावे लागतात. पोरांना पक्कं घर हवंय, त्यात वावगं काही नाही. पण सांगाडा पक्का आणि मधली भिंत कुडाची, असं घर का नको? घरकुलाच्या नियमावलीत स्थानिक साहित्याला वाव आहे. प्रत्यक्षात अनुदानाचे हप्ते फोटो बघून सुटतात, आणि कुडाचा फोटो लावायची कुणाची छाती होत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. आयटीआयत गवंडीकामाबरोबर कूडकाम शिकवा. शिकवायला पाड्यावरचा जाणता म्हातारा बोलवा, आणि त्याच्या हजेरीपुढे ‘कुशल कारागीर’ लिहून तशीच मजुरी द्या. माझ्या धंद्यातला वाटा त्याच्याकडे गेला, तर गेला.