होम व्हिडिओ, पण होम कुणाचं?

थिएटरातून उतरलेला सिनेमा दोन-तीन महिन्यांनी ‘होम व्हिडिओ’वर येतो. आधी कॅसेट होती, मग सीडी आली, डीव्हीडी आली, आता मोबाईलमधलं ॲप. वस्तू बदलत गेली, ‘घरी बघायचा सिनेमा’ ही कल्पना तीच राहिली. त्यातल्या ‘घर’ या शब्दाबद्दल भिवंडीकर म्हणून चार गोष्टी बोलायच्या आहेत. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

दोन सिनेमे घेऊ. दोन्ही व्हिडिओ गेमवरून काढलेले, दोन्ही मारधाडीचे.

पहिला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. मूळ गेम १९८९ चा. नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर क्लासला गेलेल्यांना तो पांढऱ्या कपड्यातला, काट्यांवरून उड्या मारणारा राजपुत्र आठवत असेल. तो गेम कुणी पैसे देऊन आणला होता? फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरला आणि गावभर झाला. मे २०१० मध्ये डिस्नेने त्याचा सिनेमा आणला आणि १४ सप्टेंबरला अमेरिकेत त्याची डीव्हीडी, ब्लू-रे निघाली. दुसरा ‘अनचार्टेड’. अमेरिकेत १८ फेब्रुवारी २०२२ ला थिएटरात, २६ एप्रिलला डिजिटल, १० मे रोजी डिस्क. आपल्याकडे तो थिएटरात इंग्रजीसोबत हिंदी, तमिळ आणि तेलुगूत लागला. मराठीत नाही, पण ते दुखणं वेगळ्या पोस्टचं.

यंत्रमागावर बारा तास उभं राहणाऱ्या माणसाला आवडेल असाच हा माल. उड्या, तलवारी, खजिना, पाठलाग. एका सिनेमात तर गल्लीतला अनाथ पोरगा राजाचा मानलेला मुलगा होतो. संवाद नाही कळले तरी काही अडत नाही.

आता सांगा, हा सिनेमा शांतीनगरच्या किंवा गैबीनगरच्या कामगाराने ‘घरी’ बघायचा म्हणजे कुठे?

त्याचं घर आझमगढला आहे, दरभंग्याला आहे, करीमनगरला आहे. इथे आहे ती पाठ टेकण्यापुरती जागा. एका खोलीत दहा-बाराजण, दिवसपाळीचा उठला की त्याच सतरंजीवर रातपाळीचा आडवा होतो. जेवण भिशीत. काहीजण तर कारखान्यातच झोपतात. या माणसासाठी होम व्हिडिओ म्हणजे व्हिडिओ पार्लर होतं. पत्र्याची शेड, बाकडी, एक टीव्ही, बाहेर खडूने लिहिलेलं सिनेमाचं नाव, काही रुपयांचं तिकीट. शुक्रवारी माग बंद, पार्लर चालू.

हे काही सोन्याचे दिवस होते असं मी म्हणत नाही. शेडला दरवाजा एकच. आग लागली तर बाहेर पडायची सोय नाही. कुठे रात्री उशिरा नको ते सिनेमे लागायचे. बायकांना तर तिथे जागाच नव्हती. त्यांचा सिनेमा म्हणजे गल्लीत वर्गणी काढून रात्रीपुरता भाड्याने आणलेला व्हीसीआर आणि सकाळपर्यंत तीन सिनेमे. आणि दाखवला जाणारा माल बराचसा चोरीचा, हेही खरं.

आपल्या सरकारने या चोरीवर काय केलं? एमपीडीए कायदा तुम्ही बातम्यांत वाचता. १९८१ चा. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, अमली पदार्थांचे गुन्हेगार यांना खटला न चालवता वर्षभर आत ठेवता येतं तो कायदा. त्या यादीत २००९ साली व्हिडिओ पायरेट्स टाकले. पुढे वाळू तस्करही आले. २०२३ मध्ये केंद्राने सिनेमॅटोग्राफ कायदा बदलला: चोरून चित्रीकरण करून प्रत काढली तर तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाख दंड.

चोरी ती चोरीच. मीटरवर मजुरी घेणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या कष्टाचं मोल वेगळं शिकवावं लागत नाही. प्रश्न असा आहे की चोरीचा दरवाजा बंद करताना सरळ वाटेचा दरवाजा कुणी उघडला का?

एकदा उघडला होता, आणि तो सरकारने नाही. मोझर बेअर ही कोऱ्या सीडी बनवणारी कंपनी. २००७ च्या सुमारास तिने सिनेमांचे हक्क घेतले आणि अधिकृत व्हीसीडी २८ रुपयांना, डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली. फूटपाथवरच्या चोरीच्या सीडीच्या जवळपास तोच भाव. चांगली प्रिंट, वर बिल. अस्सल माल परवडला तर माणूस नकली कशाला घेईल, एवढा साधा हिशेब. पुढे डिस्कचा धंदाच बसला, कंपनी कर्जात गेली आणि २०१८ मध्ये अवसायनात निघाली.

मग आला मोबाईल. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि आपण समजलो की प्रश्न सुटला, ज्याचा त्याचा सिनेमा ज्याच्या त्याच्या हातात. जरा अटी वाचा. नेटफ्लिक्सचा १४९ रुपयांचा मोबाईल प्लॅन एका वेळी एकाच फोनवर किंवा टॅबवर चालतो. मोठ्या प्लॅनसाठी जुलै २०२३ पासून भारतातही नियम लावला: एक खातं एका घराचं. एका छताखाली राहणारे म्हणजे एक घर, असा त्यांचा अर्थ. आता बाराजणांच्या त्या खोलीत छत एकच आहे, पण माणसं सहा जिल्ह्यांतली, दर दोन महिन्यांनी निम्मी गावाला जाणारी, टीव्ही नाही, वायफाय नाही. यांचं ‘घर’ कोणतं? नियम करणाऱ्याच्या डोळ्यासमोर सोफा, टीव्ही आणि नवरा-बायको-दोन मुलं होती. भिवंडी नव्हती.

शिवाय डिस्क घेतली तर ती तुमची असायची. दुसऱ्याला द्या, जुन्या बाजारात विका. ॲपवरचा सिनेमा करार संपला की एका रात्रीत गायब. वर्गणी मात्र चालूच.

भिवंडीत ‘टोरंट’ म्हटलं की लोकांना लाइटबिल आठवतं. २००७ पासून वीज त्यांच्याकडेच आहे. बाकी जगात टोरंट म्हणजे फुकट सिनेमा उतरवायचा रस्ता. आमच्याकडे पहिल्याने खिसा रिकामा होतो, म्हणून पोरं दुसऱ्याकडे वळतात. विनोद सोडा, पण दर वाढले की चोरी वाढते हे ना वीजवाल्यांना नवीन आहे, ना सिनेमावाल्यांना.

आणखी एक गोष्ट बघा. ठाण्या-मुंबईत ऑनलाइन मागवलेले मोठे टीव्ही, होम थिएटरचे खोके मानकोली, काल्हेर, दापोड्याच्या गोदामांतून जातात. ते चढवणारा-उतरवणारा पोरगा इथलाच. दुसऱ्याचं होम थिएटर पाठीवर, आणि स्वतःचा सिनेमा सहा इंचावर, फुटक्या काचेतून, एका कानात इअरफोन घालून. दुसरा इअरफोन शेजारच्याच्या कानात.

काही जण म्हणतील, रोजगार, पाणी, रस्ते सोडून सिनेमाचं काय घेऊन बसलात? कल्याण रोडचे खड्डे मलाही दिसतात. पण घरापासून हजार मैलांवर आलेला विशीतला पोरगा सुट्टीच्या दिवशी कुठे जातो, हा प्रश्न शहराचाच आहे. बसायला बाग नाही, मल्टिप्लेक्स परवडत नाही. मग उरतो तो बार, जुगाराचा अड्डा नाहीतर मोबाईल. मालेगाव बघा. तेही यंत्रमागाचं गाव. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ काढला, आणि २०२५ मध्ये त्यांच्यावर मोठा हिंदी सिनेमा आला. बाकड्यावर बसून चार लोकांत सिनेमा बघण्यातूनही काही उगवतं.

माझं मागणं फार मोठं नाही.

एक, पन्नास-शंभर खुर्च्यांच्या छोट्या व्हिडिओगृहांना सोपा परवाना द्या. दोन दरवाजे, आग विझवायची सोय, बायकांसाठी वेगळा खेळ, या अटी सक्तीने घाला.

दोन, थिएटरातून उतरलेला सिनेमा अशा ठिकाणी दाखवायचा स्वस्त, अधिकृत परवाना निर्मात्यांनी द्यावा. आज जिथून एक रुपया येत नाही तिथून दहा येतील.

तीन, २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या सिनेमा तिकिटावर जीएसटी ५ टक्के झाला आहे. पण १०० रुपयांखालची खुर्चीच गावात नसेल तर त्या सवलतीचं करायचं काय? महापालिकेने तिचे हॉल शुक्रवारी यासाठी उघडून बघावेत. सुरुवात एका प्रभागापासून करा.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’त एक खंजीर आहे, त्यातली वाळू सुटली की काळ मागे जातो. आम्हाला मागे जायचं नाही. ती पत्र्याची शेड परत नको. फक्त ‘घरबसल्या बघा’ म्हणणाऱ्यांनी एकदा धामणकर नाक्यावर उतरून विचारावं: बाबा रे, तुझं घर कुठाय?

नगरसेवक, आमदार कुणी वाचत असतील तर उत्तर द्या. बाकीच्यांनी आपल्या भागात अशी एखादी जागा सुचवा, यादी करू.