कोपऱ्यातल्या पोराची किंमत

सोयाबीन निघालं होतं आणि कापसाची पहिली वेचणी चालू होती. मगरिबनंतर ओट्यावर बसलो होतो, तेव्हा शेजारच्या गल्लीतले एक ओळखीचे शेतकरी आले. पाणी प्याले, पावसाचं बोलले, कापसाच्या भावाचं बोलले आणि मग मुद्द्यावर आले. "सर, पोट्टं म्हणते कबड्डीच्या लिलावात जातो. तुमी एवढी वर्षं गुण लिहिले, तुमाले समजते. त्याचे किती येतीन, एवढं सांगा."

फुलसावंगीत आणि आसपासच्या गावांत कबड्डीच्या स्पर्धांना मी बरीच वर्षं गुणलेखक म्हणून बसलो आहे. त्यांचा मुलगा मला माहीत आहे. आयटीआय झालेला, अंगानं आडवा, उजव्या कोपऱ्यात खेळतो. पुण्याच्या एका कारखान्यात कंत्राटी काम मिळतंय. नाहीतर वर्षभर मॅट असलेल्या ठिकाणी राहून सराव करायचा, त्याचा खर्च बापानं करायचा. म्हणजे त्यांचा प्रश्न एका वर्षाच्या कमाईचा होता. त्यांना आकडा हवा होता आणि माझ्याकडे तो नव्हता. का नव्हता, यावरच हा लेख आहे.

आधी लिलावाचे आकडे बघू, कारण टीव्हीवर तेच दिसतात. प्रो कबड्डी 2014 साली सुरू झाली तेव्हा सर्वात मोठी बोली राकेश कुमारवर 12 लाख 80 हजारांची लागली होती. 2023 च्या लिलावात पवन सेहरावतला तेलुगू टायटन्सनं 2 कोटी 60 लाख 50 हजारांना घेतलं. बारा संघ होते, प्रत्येकाच्या थैलीत 5 कोटी होते, म्हणजे निम्म्याहून जास्त थैली एका चढाईपटूवर गेली. त्याच लिलावात सर्वात खालच्या ड गटाची मूळ किंमत 9 लाख होती. गावात हा 9 लाखांचा आकडा सगळ्यांना पाठ आहे. यादीत नाव आलं म्हणजे 9 लाख पक्के, असं पोरांना वाटतं. पण यादीतल्या शेकडो नावांपैकी बऱ्याच नावांवर कोणी हातच वर करत नाही, आणि त्या यादीपर्यंत जायला जिल्हा, विदर्भ, राष्ट्रीय स्पर्धा किंवा एखाद्या संघाची निवड चाचणी अशा पायऱ्या चढाव्या लागतात. हे मी त्यांना तेव्हाच सांगितलं.

आता कोपऱ्याविषयी. सात जणांच्या साखळीत दोन टोकांना दोन कोपरारक्षक. चढाईपटू बोनस रेषेकडे पाय टाकतो, हात लांबवतो, वळतो, आणि त्या वळण्याच्या अर्ध्या क्षणात कोपऱ्यानं घोटा किंवा मांडी धरायची. लवकर झेप घेतली तर गुण गेला आणि स्वतःही बाहेर. उशीर केला तर तो मध्यरेषेपलीकडे. बाकीचे साखळी करून, डॅश मारून मदतीला येतात, पण पहिला हात बहुतेक वेळा कोपऱ्याचा असतो आणि पहिली चूकही त्याचीच दिसते.

त्याची किंमत आकड्यांत पकडणं म्हणूनच अवघड. 2017 च्या हंगामात परदीप नरवालनं चढाईचे 369 गुण केले. 2018 साली यूपी योद्धाच्या नितेश कुमारनं पकडीचे 100 गुण केले, आणि एका हंगामात शंभरी गाठणारा तो पहिला बचावपटू होता. नितेशही उजव्या कोपऱ्यातलाच. पंचवीसेक सामन्यांत शंभर, म्हणजे सामन्याला चार. जगातल्या सर्वात तगड्या लीगमध्ये कोपऱ्याचा सर्वोत्तम हंगाम असा दिसतो. आता आमच्याकडचा कोणी सांगू लागला की आपला पोरगा सामन्याला नऊ-दहा पकडी करतो, तर आनंद मानण्याआधी समोर चढाईला कोण होतं ते विचारावं.

दुसरी बाजू याहून महत्त्वाची आहे. कोपरा खरोखर चांगला असला की चढाईपटू त्याच्या बाजूला जातच नाही. दुसऱ्या टोकाला जाऊन तीस सेकंद काढतो. मग त्या कोपऱ्याच्या नावावर काय लागतं? शून्य. गुणपत्रिका म्हणते यानं काहीच केलं नाही, आणि खरं म्हणजे यानं अर्धं मैदान बंद करून ठेवलेलं असतं. मी स्वतः अशा कित्येक पोरांच्या नावापुढे शून्य लिहिलं आहे आणि तेव्हा मला त्यात काही चुकतंय असं वाटलं नव्हतं.

गावाकडच्या खेळाडूबाबत हा गोंधळ तिप्पट होतो. आमच्याकडे उरूस, गणपती, शिवजयंती, पोळ्यानंतरचे दिवस अशा निमित्तानं स्पर्धा होतात. चार-पाच संघांत एखादाच धड चढाईपटू असतो, बाकीचे दम लागेपर्यंत धावून येतात. खेळ मातीवर. मातीत पाय घसरतो, म्हणून चढाईपटू सावकाश वळतो आणि घोटा हाती लागतो. मॅटवर बुटाची पकड बसते, तोच माणूस दुप्पट वेगानं वळतो, आणि मातीतला पकडीचा बादशहा हवेत हात मारत राहतो. नोंद म्हणाल तर ढालीवर स्पर्धेचं नाव आणि फोनमध्ये एखादा हलणारा व्हिडिओ, तोही नेमका त्याच्या सर्वात चांगल्या पकडीचा.

अशा पोराबद्दल दोन तऱ्हेच्या चुका होतात. पहिली आपली, गावाची. आपण त्याला गावाच्या मापानं मोजतो आणि कोटीच्या गप्पा करतो. बाप कर्ज काढतो, पोरगा शहरात जातो, चाचणीत दहा मिनिटांत बाहेर पडतो आणि परत यायची लाज वाटते म्हणून तिकडेच कुठंतरी राहतो. दुसरी चूक बाजाराची. बाजार म्हणतो, तगड्या संघांशी खेळलेलाच नाही, मग पैसे कशाला लावायचे? ऐकायला हे शहाणपण वाटतं. पण तो तगड्यांशी खेळला नाही, कारण त्याला खेळायला मिळालंच नाही. संधी नव्हती, याला लायकी नव्हती असं वाचणं हा आळस आहे.

गावाकडचं पोरगं बाजाराला दिसतच नाही असंही नाही. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीच्या सिद्धार्थ देसाईला यू मुंबानं 2018 साली 36 लाख 40 हजारांना घेतलं, आणि वर्षभरात तेलुगू टायटन्सनं त्याच्यावर 1 कोटी 45 लाख लावले. श्रीरामपूर तालुक्यातल्या टाकळीभानचा अस्लम इनामदार 1 मार्च 2024 ला पुणेरी पलटणला पहिलं विजेतेपद मिळवून देणारा कर्णधार झाला. त्या रात्री आमच्या गल्लीतली पोरं अस्लमच्या नावानं जी ओरडत होती, त्यात सगळ्या घरांतली होती. पण बघा, दोघांची ओळख मुख्यतः चढाईची. चढाईपटू एकटा पलीकडे जातो आणि गुण घेऊन येतो, आंधळ्यालाही दिसतं. कोपऱ्याचं काम दिसायला बघणारा शिकलेला लागतो. फजल अत्राचलीसारखा डावा कोपरा 2018 साली लीगमधला पहिला कोटीचा खेळाडू ठरला हे खरं, पण तोवर त्याला इराणच्या राष्ट्रीय संघात आणि लीगच्या हंगामांमध्ये लोकांनी पुरेसं पाहून घेतलं होतं.

हा प्रश्न एकट्या कबड्डीचाही नाही. अमेरिकेत त्यांच्या पद्धतीचा फुटबॉल आहे, त्यात कॉर्नरबॅक नावाची जागा असते. तोही मैदानाच्या कडेला उभा राहतो, समोरच्या धावणाऱ्याला चेंडू मिळू द्यायचा नाही हे त्याचं काम. तो जितका चांगला, तितका चेंडू त्याच्याकडे कमी फेकला जातो. तिथं लिलाव नसतो, संघ पाळीपाळीनं कॉलेजचे खेळाडू निवडतात. 2014 साली सात फेऱ्यांत 256 खेळाडू निवडले गेले. वेस्ट अलाबामा या छोट्या विद्यापीठाचा माल्कम बटलर त्यात नव्हता. न्यू इंग्लंड पेट्रियट्सनं त्याला सराव शिबिरात नुसतं बघायला बोलावलं आणि ठेवून घेतलं. 1 फेब्रुवारी 2015 ला अंतिम सामन्याच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात, प्रतिस्पर्धी एका यार्डावरून गुण घेणार, अशा वेळी बटलरनं चेंडू मधेच पकडला आणि सामना जिंकून दिला. ती चाल त्यानं सरावात पाहिलेली होती आणि सरावात तो तिला फसलाही होता. मला या गोष्टीतला सर्वात कामाचा भाग हाच वाटतो. नजर त्याची होती, पण चाल ओळखायला शिकवलं ते चांगल्या सरावानं. 256 नावांमध्ये नसलेल्या माणसाला कोणीतरी शिबिराला बोलावलं, एवढ्यावर सगळं झालं.

मग छोट्या ठिकाणच्या कोपऱ्यात बघायचं काय? माझ्या मते ज्या गोष्टी समोरच्याच्या दर्जावर कमीत कमी अवलंबून आहेत, त्या. एक, पाय. चढाईपटू हलला की हा आधी पाय हलवतो की हात? हात आधी जाणारा मॅटवर टिकत नाही. दोन, धीर. रिकाम्या चढाईत तो किती वेळा उगाच झेपावतो? तीन, निर्वाणीच्या चढाईत, म्हणजे चढाईपटूला गुण घेणं भागच असतं तेव्हा, हा वेगळा उभा राहतो का? चार, साखळीत तीनच जण उरले असताना तो पळापळ करतो की अव्वल पकडीची वाट बघतो? पाच, चूक झाल्यावर पुढची चढाई तो कशी खेळतो? हे पाचही मातीवर दिसतं. त्याला कोटीचा चढाईपटू समोर लागत नाही, फक्त वही घेऊन बसणारा माणूस लागतो.

म्हणून यावर्षी मी वही बदलली. त्या पोराचे सामने बघताना गुणांच्या शेजारी आणखी एक रकाना केला: चढाई कोणत्या बाजूला गेली? पहिल्या सामन्यात त्याच्या नावावर एकच पकड होती. मित्र म्हणाले, आज काही खेळला नाही. माझ्या रकान्यात मात्र उत्तरार्धात जवळजवळ सगळ्या चढाया दुसऱ्या टोकाला गेलेल्या होत्या. तिसऱ्या स्पर्धेत उमरखेडकडचा एक तगडा चढाईपटू समोर आला आणि यानं लवकर झेप घेऊन सलग गुण दिले. तेही मी लिहिलं. पूर्वार्धात हात आधी जात होता, उत्तरार्धात पाय जाऊ लागले. मला त्या सामन्यातल्या पकडींपेक्षा हा बदल जास्त मोलाचा वाटला.

कबड्डी विदर्भाला नवी नाही. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथं कबड्डी खेळून दाखवली ती अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं. राष्ट्रीय स्पर्धेत विदर्भाचा संघ वेगळा उतरतो. पण तालुक्याच्या स्पर्धेत ट्रॉफीवर आणि मंडपावर जेवढा खर्च होतो, त्याच्या कणभर खर्चात प्रत्येक सामन्याची नीट गुणपत्रिका ठेवता येईल, एक फोन तिकाटण्यावर बांधून पूर्ण सामना टिपता येईल. ते आपण करत नाही आणि मग कोणी बघायला येत नाही म्हणून रडतो. संघवाल्यांनाही एक सांगणं आहे. 9 लाखांच्या खेळाडूवर विचार करायला तुमच्याकडे वेळ नसेल, तर एका माणसाला हिवाळ्यात दोन महिने गावोगाव फिरवा. कोटीच्या बोलीपुढे त्याचा पगार म्हणजे चहापाणी.

फुलसावंगीचं नाव देशभर झालं ते ऑगस्ट 2021 मध्ये. गावातल्या एका कमी शिकलेल्या तरुणानं स्वतःच्या हातांनी हेलिकॉप्टर बनवलं होतं आणि चाचणी घेताना पाती तुटून लागली, त्यात तो गेला. त्यानंतर कॅमेरे आले, सगळ्यांनी त्याच्या बुद्धीचं कौतुक केलं. मला तेव्हापासून एकच टोचतं. जाणता माणूस आधी येऊन बघून गेला असता, हे चांगलं आहे आणि हे धोक्याचं आहे असं सांगून गेला असता, तर? खेळात जीव जात नाही, वर्षं जातात. पण जाणत्या नजरेची गरज तीच.

त्या शेतकऱ्याला मी शेवटी आकडा सांगितला नाही. वही दाखवली. म्हटलं, "याचे पैसे किती येतील ते मला ठाऊक नाही आणि जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पोरगा शिकतो आहे एवढं यात लिहिलं आहे. वर्ष देऊ नका, चार महिने द्या. वेचणी आटोपली की मॅटवर पाठवा. चार महिन्यांनी पाय आधी जात असतील तर पुढचं बोलू, नाहीतर पुण्याचं काम आहेच, त्यात कमीपणा नाही. आणि कर्ज काढू नका."

त्यांनी वही बराच वेळ बघितली. मग त्या नव्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, "सर, हे दुसरीकडे गेलेले लोक, हे याच्या भीतीनं गेले म्हणता?"

"बहुतेक," मी म्हटलं.

"मंग हे कोणी लिहून काहून नाही ठेवत?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या स्पर्धेला गुणलेखकाच्या टेबलावर दोन वह्या असतील, एवढं मात्र त्यांना कबूल केलं आहे.